आठ तासांचे पाहुणे : माल्टा

भूमध्य समुद्रात फिरणारी बडी पर्यटक जहाजे सहसा रात्री प्रवास करतात आणि दिवस एखाद्या बंदरात काढतात. प्रवाशाच्या हाती येतात ते जेमतेम आठ-नऊ तास. एवढ्या वेळात देश तो काय पाहून होणार, असे कोणालाही वाटेल. माल्टाची गोष्ट मात्र वेगळी. सिसिलीच्या दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटरवर असलेला हा द्वीपसमूहाचा देश अवघा ३१६ चौरस किलोमीटरचा, म्हणजे बृहन्मुंबईच्या जवळपास निम्मा! त्याची राजधानी व्हॅलेटा तर एक चौरस किलोमीटरही भरत नाही. शिवाय जहाज तिच्या अगदी पायथ्याशी लागते. वेळेचा हिशेब नीट मांडला, तर इथला एक दिवस पुष्कळ काही देऊन जातो.

बंदरात शिरताना

या दिवसाची सुरुवात बिछान्यात लोळत करू नये. जहाज ग्रँड हार्बरमध्ये शिरत असताना डेकवर उभे राहावे. उजवीकडे व्हॅलेटाचे मधाच्या रंगाचे तट थेट पाण्यातून वर चढत जातात. डावीकडे सेंट अँजेलोचा किल्ला आणि त्यामागची तीन जुनी गावे दिसतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात हा चुनखडीचा दगड असा काही उजळतो, की तिकीट काढून पाहिलेली अनेक दृश्ये त्यापुढे फिकी वाटावीत.

धक्क्यावर अठराव्या शतकातील गोदामांची रांग आहे. तिथे आता उपाहारगृहे आणि दुकाने थाटली आहेत. खरेदीचा मोह तिथेच पडतो, पण तो परतीसाठी राखून ठेवावा. तटाखालून दहा-पंधरा मिनिटे चालले की २०१२ साली सुरू झालेली उंच लिफ्ट लागते. सुमारे ५८ मीटरची चढण ती अर्ध्या मिनिटाच्या आत पार करते आणि प्रवासी अप्पर बराक्का बागेत पोहोचतो. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना याहून मोठी सोय कोणती? बागेच्या कमानींतून सारे बंदर दिसते. खालच्या सज्जावर तोफांची रांग आहे आणि दुपारी बाराच्या ठोक्याला त्यांतली एक डागली जाते. पूर्वी हा बार ऐकून जहाजांवरची घड्याळे लावली जात.

वेढ्यातून उभे राहिलेले शहर

हे शहर इतके तटबंद का, याचे उत्तर १५६५ सालात आहे. सेंट जॉन संघाचे सरदार १५३० मध्ये या बेटावर आले होते. पस्तीस वर्षांनी तुर्की आरमाराने त्यांना वेढले. बंदराच्या तोंडावरचा सेंट एल्मो किल्ला जवळजवळ महिनाभर लढून पडला, पण त्याने दिलेला तो वेळच बाकीच्या बेटाला वाचवणारा ठरला. सप्टेंबरमध्ये वेढा उठला आणि ८ सप्टेंबर हा विजयदिन आजही राष्ट्रीय सुटीचा असतो. पुढल्याच वर्षी, १५६६ मध्ये, संघाचे प्रमुख ला व्हॅलेट यांनी नव्या शहराची पायाभरणी केली. त्यांचेच नाव शहराला मिळाले. युनेस्कोने १९८० मध्ये या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे. उतार इतका, की कित्येक गल्ल्यांना पायऱ्याच आहेत. घरांना लाकडी, काचबंद सज्जे असतात. हिरवे, तांबडे, निळे असे त्यांचे रंग पाहत चालले तरी तास सहज निघून जातो.

एकच इमारत आतून पाहायची झाली, तर सेंट जॉन कॅथीड्रल पाहावे. बाहेरून किल्ल्यासारखे रुक्ष दिसणारे हे मंदिर आत शिरताच डोळे दिपवते. जमिनीवर रंगीत संगमरवराच्या सुमारे चारशे समाधिशिला आहेत. प्रार्थनागृहात काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराचे, सेंट जॉनच्या शिरच्छेदाचे १६०८ सालचे भव्य चित्र आहे. त्याने सही केलेले हे एकमेव चित्र आणि ती सहीही चित्रातल्या रक्ताच्या ओघळात! संघाने त्याला त्याच वर्षी सरदारकी दिली होती. पुढे एका मारामारीत तो कैद झाला, सेंट अँजेलोतून निसटला आणि संघाने त्याला बडतर्फ केले. ती सभा याच चित्रासमोर भरली होती.

तो १५ ऑगस्ट

दुसऱ्या महायुद्धात माल्टावर पुन्हा तशीच वेळ आली. ब्रिटिशांचे हे आरमारी ठाणे मोडण्यासाठी जर्मन आणि इटालियन विमानांनी अहोरात्र बाँब टाकले. एप्रिल १९४२ मध्ये ब्रिटनच्या राजाने साऱ्या बेटाला मिळून जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक दिले. ते आजही देशाच्या झेंड्यावर आहे. पण पदकाने पोट भरत नाही. ऑगस्टपर्यंत अन्न आणि इंधन संपत आले. रसद घेऊन निघालेल्या १४ व्यापारी जहाजांपैकी पाचच पोहोचली. त्यांतले शेवटचे, ‘ओहायो’ हे तेलवाहू जहाज, दोन विनाशिकांच्या मध्ये बांधून, जवळजवळ बुडत्या अवस्थेत १५ ऑगस्टला याच बंदरात आणले गेले. तटावर गर्दी केलेल्या लोकांनी त्याचे जल्लोषात स्वागत केले. सेंट एल्मोतील युद्धसंग्रहालयात ते मूळ पदक पाहायला मिळते.

ओळखीच्या खुणा

भारतीयांना हे बेट फार परके वाटत नाही. वाहने रस्त्याच्या डावीकडून चालतात आणि इंग्रजी ही इथली एक राजभाषा आहे. माल्टी भाषा रोमन लिपीत लिहिली जात असली तरी तिचे मूळ अरबी. त्यामुळे ‘दिन्या’ म्हणजे दुनिया आणि ‘क्तीब’ म्हणजे किताब, हे कळल्यावर गंमत वाटते. मुंबईचा तर जुना संबंध आहे. रशिया-तुर्कस्तान संघर्षाच्या वेळी, १८७८ मध्ये, ब्रिटिशांनी सुमारे सात हजार हिंदी शिपाई मुंबईहून सुवेझमार्गे इथे आणले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंधी व्यापाऱ्यांनी इथे दुकाने थाटली. त्यांचे वंशज आजही इथले नागरिक आहेत.

भूक लागली तर पास्टित्सी खावी. कुरकुरीत पापुद्र्यांच्या या करंजीवजा पदार्थात मऊ चीज किंवा वाटाण्याचे सारण असते. पापुद्र्यासाठी कधीकधी प्राण्यांची चरबी वापरतात, म्हणून शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावे.

दुपारचा एकच बेत

खरी कसोटी दुपारी लागते. बसने सुमारे अर्ध्या तासावर इम्दिना ही सरदारांच्या आधीची तटबंद राजधानी आहे. बंदरापलीकडे तीन गावे आहेत. दोन्ही उरकण्याच्या नादात दोन्ही निसटतात. इथले रस्ते अरुंद, वाहने अमाप, अर्ध्या तासाचा एक तास सहज होतो. लहान मुले किंवा वडीलधारी बरोबर असतील, तर तीन गावेच बरी. होडीने काही मिनिटांत पलीकडे जाता येते आणि आपले जहाज सतत नजरेसमोर राहते.

जहाज कोणासाठी थांबत नाही. स्वतंत्रपणे फिरणारा प्रवासी मागे राहिला, तर पुढचे बंदर त्याला स्वखर्चाने गाठावे लागते. म्हणून या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

* जहाजावरचे घड्याळ आणि बेटावरचे घड्याळ जुळते का, ते उतरण्यापूर्वी पाहावे.
* जहाजाचे ओळखपत्र, पासपोर्टची प्रत आणि बंदरातील प्रतिनिधीचा दूरध्वनी जवळ असावा.
* कॅथीड्रलमध्ये खांदे व गुडघे झाकलेले हवेत, टोकदार टाचांची पादत्राणे चालत नाहीत. रविवारी ते पर्यटकांना बंद असते.
* शेवटच्या वेळेच्या तासभर आधी धक्क्यावर यावे.

एक विचार यजमानांचाही करावा. या देशात बारमाही नदी नाही. पिण्याचे निम्म्याहून अधिक पाणी समुद्राचे खारेपण काढून मिळवावे लागते. बंदरात उभ्या जहाजांच्या धुराचा त्रास तीन गावांतल्या लोकांनी वर्षानुवर्षे सोसला. जहाजांना किनाऱ्यावरून वीज देण्याची सोय २०२४ मध्ये सुरू झाली, हा त्यावरचा एक उपाय. पाहुण्यांनीही आपला वाटा उचलावा. जहाजावरच्या फुकटच्या जेवणासाठी धावत परतण्याऐवजी एखाद्या गल्लीतल्या छोट्या दुकानात चार घास खावेत, तिथल्या माणसाशी दोन शब्द बोलावेत. बेटाला त्याचा थोडा तरी लाभ होतो आणि प्रवाशाच्या आठवणीत छायाचित्रांपलीकडचे काहीतरी राहते.