गिअरचा हिशेब मागच्या चाकापासून

एमजीबीसारख्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये रोव्हरचे 3528 सीसी व्ही-8 इंजिन बसवताना गिअरची निवड मागच्या चाकापासून सुरू करावी लागते. बहुतेक जण आधी गिअरबॉक्स शोधतात आणि ॲक्सल जुनाच राहू देतात. पुढची बरीचशी निराशा तिथेच सुरू होते.

एमजीबीच्या 14 इंची टायरचा एक फेरा साधारण 1.9 मीटरचा. ताशी 110 किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे 965 वेळा फिरते. मूळ ॲक्सलचे गुणोत्तर 3.9, म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिनाचे 3760 फेरे. 1798 सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनाला ते शोभते. त्याचा टॉर्क जेमतेम 149 न्यूटन-मीटर, त्यामुळे त्याला फिरते ठेवावेच लागते. कारखान्याच्या व्ही-8चा टॉर्क 261 न्यूटन-मीटर, तोही 2900 फेऱ्यांवर. या इंजिनाचा स्वभावच सावकाश फिरून ओढण्याचा. त्याला 3760 फेऱ्यांवर तासन्‌तास पळवले, तर आवाज आणि पेट्रोलचा खर्च यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

1973 ते 1976 या काळात एमजीने स्वतःच एमजीबी जीटी व्ही-8 बनवली, तेव्हा चार गिअरचा बॉक्स आणि ओव्हरड्राइव्ह ठेवून ॲक्सल 3.07चा घातला. त्याच वेगाला फेरे 2960वर आले, म्हणजे नेमके टॉर्कच्या शिखराजवळ. हा निर्णय आजही अभ्यासण्यासारखा आहे, कारण बदल केला तो इंजिनाचा स्वभाव ओळखून.

आता रोव्हर एसडी-1चा पाच गिअरचा बॉक्स घेऊ. याचा पहिला गिअर 3.32, दुसरा 2.09, तिसरा 1.40, चौथा 1 आणि पाचवा 0.79. जुन्या 3.9च्या ॲक्सलवर तो चढवला, तर पाचव्यात फेरे 2970च्या आसपास येतात. म्हणजे एवढा खटाटोप करून पाचव्या गिअरने दिले ते फक्त 3.07च्या ॲक्सलचे चौथ्यातले काम. वर पहिला गिअर जवळजवळ निरुपयोगी होतो. मूळ गाडीत पहिल्या गिअरचा आणि ॲक्सलचा मिळून गुणाकार 13.4, इथे 12.9, पण टॉर्क पावणेदोन पट. तेवढा जोर अरुंद मागचे टायर पेलत नाहीत, ते जागीच फिरतात. शिवाय 5000 फेऱ्यांवर गाडी ताशी 44 किलोमीटरलाच पोचते आणि चौक ओलांडायच्या आत हात पुन्हा लीव्हरवर जातो.

तोच बॉक्स 3.07वर ठेवला, की पहिल्यात 56 किलोमीटरपर्यंत मोकळीक मिळते आणि पाचव्यात 110ला फेरे 2340 राहतात. पहिल्यातून 5000ला दुसरा टाकला, तर सुई 3140वर उतरते, म्हणजे टॉर्कच्या शिखराच्या किंचित वर. ही जोडी या इंजिनाला फार छान बसते. चढाच्या रस्त्यावर सतत वापर असेल तर 3.31चा ॲक्सल बरा. 1990च्या दशकातल्या एमजी आरव्ही-8मध्ये तोच होता.

अमेरिकेत मस्टँगच्या व्ही-8साठीचा टी-5 बॉक्स पुष्कळ वापरतात. त्यातल्या अनेकांचा पाचवा 0.68चा असतो, 3.07च्या ॲक्सलवर तो 110ला फक्त 2010 फेरे देतो. सपाट हायवेवर तो शांत, पण जरा चढ आला की चौथा घालावा लागतो. मात्र टी-5 नावाचा प्रत्येक बॉक्स सारखा नसतो. मस्टँगच्या चार सिलिंडरच्या टी-5मध्ये पहिला गिअर 3.97 पर्यंत जातो, आणि तो व्ही-8च्या मागे लावणे म्हणजे वरची चूक पुन्हा करणे. विकत घेण्याआधी नाव न पाहता प्लेटवरचा क्रमांक पाहावा, किंवा इनपुट शाफ्ट फिरवून आउटपुटचे फेरे मोजावेत.

ओव्हरड्राइव्हचा जुना बॉक्स राखायचा असेल, तर ओव्हरड्राइव्ह टॉपलाच जोडावा. खालच्या गिअरमध्ये व्ही-8चा वाढलेला टॉर्क त्याला झेपत नाही.

बसवण्याच्या कामात बेलहाऊसिंग, क्लच आणि मागचा क्रॉसमेंबर यांची मापे एकत्रच घ्यावीत. बॉक्स मोठा असल्याने मधला टनेल कापावा लागतो, प्रॉपेलर शाफ्टची लांबीही नव्याने ठरते. ॲक्सल बदलला, की स्पीडोमीटरचा हिशेब चुकतो. त्याचा गिअर बदलून काटा मोजलेल्या किलोमीटरवर तपासून घ्यावा लागतो.