बिडाचा कान

डहाणूच्या आमच्या जुन्या घरातला कमोड बसलं की किंचित डुलायचा. आम्ही दोष दिला जमिनीला. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरीची जमीन हलायला लागली होती. धुंदलवाडीकडे माणसं ऐन थंडीत घराबाहेर तंबूत झोपत होती. आधी जमिनीच्या पोटातून गडगड, मग मांडणीवरच्या भांड्यांची किणकिण. धक्के बहुतेक लहान, मोठे म्हणावेत ते चार रिश्टरच्या आसपासचे. पण त्या हिवाळ्यात जे जे हललं ते भूकंपाच्या खात्यावर जमा झालं. दार, पंखा, आणि कमोडही.

मग फरशीच्या सांध्यातून ओल आली, वास आला. वास काही भूकंपाचा नव्हता.

तलासरीहून मिस्त्री आला. त्याने कमोड उचलून वाडीत चिकूच्या बुंध्याशी नेऊन ठेवला (येणारे-जाणारे हसून गेले), पाइपच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबला आणि उकिडवा बसून तारेच्या ब्रशने गंज खरवडायला लागला. पापुद्रे निघाले. खाली बिडाचा फ्लँज, आणि बोल्ट धरणारा त्याचा एक कान तुटलेला.

"काका, हा आजचा तुटलेला नाही."

ताजं तुटलेलं बीड राखाडी, दाणेदार दिसतं. ही कड आतपर्यंत तांबडी होती. कधीकाळी कुणीतरी बोल्ट करकचून आवळला असणार. बीड वजन पेलतं, पण वाकत नाही, तडकतं. उरलेलं काम खाऱ्या हवेचं.

"उखडून प्लॅस्टिकचाच टाका ना," मी म्हटलं. उत्तरादाखल त्याने पाइपभोवतीची करडी रेघ नखाने कोरून दाखवली. शिसं! आत ताग ठासून, वर वितळलेलं शिसं ओतून, निवल्यावर छिन्नीने चेपलेला सांधा. "हे हलवायचं नाही. असं ओतणारं आता कोण राहिलंय?" मी पण नख लावून पाहिलं. लगेच ओरखडा उठला. एवढे धक्के खाऊन नेमकं हे मऊ शिसंच जागेवर होतं.

तुटक्या कानावर त्याने स्टीलची अर्धगोल पट्टी बसवली, तिच्यातून नवा बोल्ट वर काढला, मेणाचं कडं ठेवलं. कमोड परत आणून दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. पाना अजून फिरला असता, त्याने फिरवला नाही.

आता कमोड हलत नाही. हललाच, तर अंगणात पळायचं.