दाट पाण्याचं काम

राजस्थानातल्या बाडमेर जिल्ह्यात मंगला तेलक्षेत्रातून २००९च्या ऑगस्टमध्ये पहिलं तेल निघालं. २०१४मध्ये तिथल्या विहिरींतून पॉलिमर मिसळलेलं पाणी मोठ्या प्रमाणावर खडकात जाऊ लागलं. मधली पाच वर्षं म्हणजे तेलाच्या धंद्यात अगदी थोडा काळ. एरवी क्षेत्र म्हातारं झालं, पाणीच पाणी येऊ लागलं, की मग पॉलिमरची आठवण होते. ही सवय बदलावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा लेख.

मंगलातलं तेल वाळूच्या खडकात, दाण्यांमधल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या पोकळ्यांत आहे. कुठल्याही क्षेत्रात सुरुवातीला खडकातला दाब तेलाला विहिरीकडे ढकलतो. दाब उतरू लागला की काही विहिरींतून पाणी आत सोडतात आणि ते तेलाला रेटत दुसऱ्या विहिरींकडे नेतं. जगातली असंख्य क्षेत्रं याच रीतीने चालतात, आणि तरी निम्म्याहून जास्त तेल खाली राहून जातं.

त्याचं एक मोठं कारण दाटपणातला फरक. खडकात ६५ अंश सेल्सियसच्या आसपास तापमान असूनही मंगलातल्या तेलाची व्हिस्कॉसिटी १० ते २० सेंटिपॉइजच्या घरात आहे. पाण्याची तिथे अर्धा सेंटिपॉइजही नसते. इतकं पातळ पाणी दाट तेलाला सारख्या रेषेत रेटत नाही. त्याला फाटे फुटतात, खडक जिथे मोकळा तिथून ते सुसाट निघतं आणि थेट उत्पादनाच्या विहिरीत जाऊन पोहोचतं. एकदा वाट पडली की मागचं पाणीही तिनेच जातं. शेजारच्या घट्ट थरातलं तेल जागचं हलत नाही आणि आपण मात्र तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवत बसतो.

मग पाणीच दाट करायचं. त्यासाठी बहुतेक ठिकाणी अंशतः हायड्रोलाइझ केलेलं पॉलिअ‍ॅक्रिलामाइड वापरतात. आम्ही त्याला एचपॅम म्हणतो. त्याचा रेणू म्हणजे लांबच लांब साखळी, रेणुभार दीड-दोन कोटींपर्यंत. साखळीवरचे ऋणभार एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे ती पाण्यात उलगडून पसरते आणि पाण्याचा प्रवाह जड करते. टनभर पाण्याला एक-दोन किलो भुकटी पुरते. फाटे आखडतात, मोकळी वाट पूर्वीइतकी सोपी राहत नाही आणि पाणी घट्ट थरांतही शिरू लागतं. खडकाच्या कणांना धरून बसलेलं तेल सोडवणं हे पॉलिमरचं मुख्य काम नाही. जिथे पाणी पोहोचलंच नव्हतं तिथवर ते पाण्याला पोहोचवतं.

माझं रोजचं काम या साखळीला सांभाळण्याचं. भुकटी पाण्यात पडताना पिठल्यातल्या बेसनासारखीच गत होते; घाई केली की बाहेरून चिकट, आतून कोरडी अशी गुठळी होते, आणि ती पुढे विहिरीच्या तळाशी खडकाची छिद्रं बुजवते. म्हणून प्रत्येक दाणा सुटा भिजवायचा, घट्ट द्रावण टाकीत पुरेसं मुरू द्यायचं आणि मगच ते पातळ करून विहिरीकडे धाडायचं. वाटेत पंप आणि अरुंद झडपा. दाट द्रावण झडपेतून जोरात गेलं की साखळ्या तुटतात, आणि तुटलेली साखळी पुन्हा जुळत नाही. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन आणि लोखंड एकत्र आले तरी तोच परिणाम. क्षार जास्त असले तर साखळी न तुटता आखडते. कॅल्शियम भरपूर आणि खडक तापलेला असला तर साका बसतो. विहिरीच्या तोंडावरचा नमुना साध्या तोटीने घेतला तर तोटीतच साखळ्या तुटतात आणि प्रयोगशाळेत खोटाच आकडा मिळतो. तो दाब राखून बंद नळकांड्यात घ्यावा लागतो. भुकटीची पोती मोजून हिशेब मांडणारे पुष्कळ भेटतात. हिशेब मांडायचा तो खडकात शिरणाऱ्या पाण्याच्या दाटपणाचा.

या कामात चीनच्या दाचिंगने जगाला वाट दाखवली. १९५९मध्ये सापडलेल्या या क्षेत्रात १९९६पासून औद्योगिक प्रमाणावर पॉलिमर सोडलं गेलं आणि मूळ साठ्याच्या सुमारे दहा टक्के जादा तेल त्यामुळे हाती आलं. तिथे निसर्गही अनुकूल होता: खडकाचं तापमान ४५ अंशांच्या आसपास आणि पाणी कमी खारट. आपल्याकडे ओएनजीसीने गुजरातेत साणंदला १९८५मध्येच चाचणी सुरू केली होती, हे फार थोड्यांना माहीत असतं.

ओळखीचे लोक हमखास विचारतात, मग मुंबई हायमध्ये हे का करत नाही? तिथला खडक मुख्यतः चुनखडीचा, तापमान शंभर अंशांच्या वर, आत सोडायचं पाणी समुद्राचं, आणि तेल मुळातच पातळ. साध्या एचपॅमला हे सोसत नाही, आणि दाटपणाचा फरकच कमी असल्याने फायदाही थोडा. तिथले प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळीच शोधावी लागतील.

पण जिथे तेल दाट, वाळू मोकळी आणि उष्णता बेताची, तिथे थांबण्यात तोटाच आहे. पाण्याने वाटा पाडल्यानंतर पॉलिमर सोडलं तरी त्याला आधी त्याच वाटा भराव्या लागतात. जुन्या विहिरी दाब सोसत नाहीत, जुन्या झडपा साखळ्या तोडतात. मंगलात पहिलं तेल निघाल्यावर दोन वर्षांत, २०११मध्ये, निवडक विहिरींवर चाचणी सुरू झाली होती. तिच्या आधाराने पुढचं सगळं क्षेत्र आखता आलं.

आणि पॉलिमर एक दिवस उत्पादनाच्या विहिरीतून तेलाबरोबर वर येतंच. तेल-पाणी मग सहज वेगळं होत नाही, पाण्यात तेलाचे बारीक थेंब अडकून राहतात, हीटरच्या नळ्यांवर थर चढतो. पृथक्करणाच्या टाक्या किती मोठ्या हव्यात, हीटर कसे हवेत, परत आलेलं पाणी कुठे साफ करायचं, हे सगळं विकासाच्या पहिल्या आराखड्यातच यायला हवं. कोणत्याही नव्या क्षेत्राचा आराखडा हाती आला की मी आधी ती पानं उघडतो.