मांडीवरची शेगडी

आमच्या विवाहास पांच वर्षें झालीं, तरी घरांत पाळणा हलला नाहीं. दोष कोणाचा, हें कोणीं विचारलेंच नाहीं; तो सौभाग्यवतीचा, असें सर्वांनीं गृहीत धरलें. तिनें व्रतें केलीं, औषधें घेतलीं, तपासण्या सोसल्या. आम्ही मात्र रोज रात्रीं मांडीवर लॅपटॉप घेऊन स्वस्थ बसत असूं.

अखेर डॉक्टरांनीं आमचीच तपासणी केली. शुक्रजंतूंची संख्या फार कमी निघाली. आम्हीं लागलीच खिशांतील मोबाइलच्या रेडिओलहरींवर आळ घेतला! डॉक्टर हंसून म्हणाले, "तीव्र लहरी शरीर तापवितात, हें खरें, पण मोबाइलची ऊब ती किती? मांडीवरच्या शेगडीचें काय?"

वृषण शरीराहून दोन ते चार अंश थंड राहावे, म्हणूनच निसर्गानें ते बाहेर ठेविले आहेत. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत न्यूयॉर्क राज्यांतील संशोधकांनीं २९ तरुणांस तासभर लॅपटॉप घेऊन बसविलें, तेव्हां तेथील उष्णता पावणेतीन अंशांपर्यंत वाढली. आणि लॅपटॉपवांचून, नुसत्या मांड्या जुळवून बसल्यानेंही ती दोन अंशांनीं चढली!

आमच्या उणिवेचें कारण एवढेंच असेल, असें डॉक्टर म्हणाले नाहींत. शुक्रजंतु पक्व होण्यास सुमारें अडीच महिने लागतात. तोंवर धीर धरा, एवढेंच त्यांनीं सांगितलें.

लॅपटॉप आतां मेजावर गेला आहे. परंतु पत्नी, ग्रह, लहरी या सर्वांस दोष देऊन झाल्यावरच आम्हीं स्वतःकडे पाहिलें. पांच वर्षें तिनें मुकाट्यानें ऐकलेले टोमणे आम्हीं कोठें नेऊन ठेवावे?