मधला माणूस

मध्यस्थाविषयी कुणी बरे बोललेले माझ्या तरी ऐकिवात नाही. दलाल म्हणा, अडत्या म्हणा, दुभाषी म्हणा. काम भागले की तो आपल्याला जड होऊ लागतो. गेल्या वर्षी मीही असाच एका दुभाष्याला घालवायला निघालो होतो.

मी राहतो साताऱ्यात आणि संगणकाच्या आज्ञावल्या लिहितो. सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचे काम माझ्याकडे आहे. तिथला हिशेब चालतो 'जावा' भाषेत. काटा वाचणारी जुनी आज्ञावली मात्र 'सी' भाषेतली. दोघींचे बोलणे व्हावे म्हणून मधे एक दुभाषी बसवलेला. १९९७ साली आलेल्या 'जेएनआय' नावाच्या रीतीने सांगलीच्या आबांनी तो 'सी'मध्ये हाताने लिहिला होता. मार्च २०२४ मध्ये जावाच्या २२व्या आवृत्तीत नवी सोय पक्की झाली. 'सी'तला दुभाषी लिहायलाच नको. जावातूनच परक्या भाषेला थेट हाक मारावी! मला कोण आनंद झाला. चार दिवसांत मी आबांचा दुभाषी काढून टाकला.

चाचणीला भरलेली गाडी काट्यावर आली. वजन बरोबर निघाले. ऊस उतरवून तीच गाडी रिकामी परत आली आणि पडद्यावर निव्वळ ऊस अब्जावधी किलो दिसू लागला! काट्यावरचा कारकून पोट धरून हसला. मला हसू येईना. आकडा अवाढव्य होता म्हणून कळले. शंभर किलोंनी चुकला असता तर कुणा शेतकऱ्याच्या बिलातून मुकाट्याने निघून गेला असता.

दुसऱ्या दिवशी विश्रामबागेत आबांचे घर गाठले. चहा सांगून त्यांनी विचारले, "वजनाचा आकडा कोणत्या प्रकारचा धरलास?"

"'लाँग', आबा. तुमच्या 'सी'तही तोच आहे."

"नाव एक आहे रे, माप एक नाही. जावाचा लाँग आठ बाइटांचा. काट्यावरचा संगणक विंडोजचा. तिथे 'सी'चा लाँग चारच बाइटांचा."

मग उलगडा झाला. भरलेले आणि रिकामे वजन शेजारशेजारच्या चार-चार बाइटांच्या खोल्यांत राहत होते. मी दोन्ही खोल्या एक समजून वाचत होतो. रिकामे वजन शून्य होते तोवर चूक झाकली गेली. आबांचा दुभाषी 'सी'तलाच असल्यामुळे त्याला हे माप आपोआप ठाऊक होते. आता ते मी सांगायला हवे होते.

"मिरजेला तीन मापांचे रूळ होते," आबा म्हणाले, "तेव्हा हमाल या डब्यातला माल त्या डब्यात टाकीत. पुढे रूळ एका मापाचे झाले, हमालांचे ते काम गेले. पण रूळ बदलण्याआधी कुणी तरी ते मोजलेच असतील ना?"

'लाँग'च्या जागी 'इंट' लिहायला अर्धे मिनिटही लागले नाही. निघताना मात्र मी आबांची जुनी टिपणवही मागून घेतली. दुभाषी मी काढला होता खरा; जाण्यापूर्वी त्याला चार गोष्टी विचारून घ्यायच्या तेवढ्या राहिल्या होत्या.