दोन किल्ल्या

बँकेत काम करणारा माणूस मोठ्या गोष्टींनी फारसा चिडत नाही. ऑडिट येतं, जातं. बदलीची ऑर्डर आली की माणूस बायकापोरांना मागे ठेवून बाडबिस्तरा उचलतो. डोकं फिरतं ते पासबुकाच्या प्रिंटरमध्ये कागद अडकल्यावर. दोरीला बांधलेलं पेन दोरीसकट गायब झाल्यावर. शेजारचा सहकारी डबा खाताना मोबाइलचा स्पीकर लावून रील बघत बसल्यावर. आणि सकाळी गॅसवर कुकर असताना विभागीय कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आज अटल पेन्शनचा लॉगिन डे, दुपारपर्यंत आकडे कळवा’ असा निरोप येतो आणि त्याखाली सगळ्या शाखांच्या ‘नोटेड सर’ची रांग लागते, तेव्हा.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत अधिकारी आहे. मॅनेजरसाहेब आंध्रातले, वयानं माझ्या भाच्याएवढे. त्यांचं मराठी ‘थांबा’ आणि ‘सर्व्हर नाही’ एवढंच, आणि बहुतेक दिवस तेवढं पुरतंही. हेड कॅशियरना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. भाऊ म्हणजे शाखेचा तक्रारनिर्माण कक्ष. केबिनमध्ये एसी आहे आणि कॅशच्या पिंजऱ्यात साधा पंखा लावता येत नाही, कारण नोटा उडतात. लोक थुंकी लावून मोजलेली बंडलं पुढे सरकवतात. नोटा मोजायचं यंत्र जुनाट आहे. देवस्थानवाले दानपेटीची चिल्लर नेमकी बाजाराच्या दिवशीच आणतात. दहाचं नाणं खरं असूनही गिऱ्हाईक ते घेत नाही आणि वर आपल्यालाच शहाणपण शिकवतं. हे सगळं रोज, मोठ्या आवाजात. आमचे कान किटले होते. त्यातली एकही तक्रार खोटी नव्हती, हे मात्र मान्य करायला हवं.

भाऊंचा आणि माझा संबंध किल्ल्यांचा. तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक हेड कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोन्ही लागल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. सकाळी दोघांनी मिळून उघडायची, संध्याकाळी रोकड जुळली की दोघांनी मिळून बंद करायची, रजिस्टरवर दोघांच्या सह्या. नवऱ्याशी जेवढं बोलणं होत नाही, तेवढं या जॉइंट कस्टडीतल्या माणसाशी होतं.

जून २०२४ च्या अखेरीस राज्याच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली. २१ ते ६५ वर्षांच्या पात्र बायकांना महिन्याला १,५०० रुपये, तेही आधारशी जोडलेल्या खात्यात. त्या ‘आधारशी जोडलेल्या’त खरी मेख होती. खात्यावर आधार नंबर नोंदवलेला असणं वेगळं आणि सरकारी पैसे कुठल्या बँकेत पडायचे याची एनपीसीआय या राष्ट्रीय पेमेंट महामंडळाकडची नोंद वेगळी. एका बाईची तीन बँकांत खाती. आमच्याकडे तिचं आधार आहे, पण ती नोंद भलत्याच बँकेच्या नावावर. हे आम्ही सकाळपासून घसा बसेपर्यंत सांगायचो. पुढची बाई ऐकून घ्यायची आणि तिच्या मागची पुन्हा तोच प्रश्न विचारायची. त्यांचा तरी काय दोष? रोजगार बुडवून, एसटीनं आलेल्या बायका त्या. ऑगस्टच्या मध्यावर, राखीच्या तोंडावर, जुलै-ऑगस्टचे मिळून ३,००० रुपये पडायला लागले आणि रांग आधारच्या टेबलावरून कॅशच्या खिडकीशी सरकली. तीन लाखांच्या चेकला जेवढा सोपस्कार, जवळजवळ तेवढाच तीन हजारांच्या स्लिपेला. त्यात अंगठेवाल्या बायकांची स्लिप अधिकाऱ्यासमोर व्हावी लागते, म्हणजे रांग खिडकीवर आणि माझ्या टेबलावरही.

त्याच गर्दीत एका संध्याकाळी कॅश जुळेना. १०,००० रुपये कमी. पाचशेच्या वीस नोटा कुणाला तरी जादा गेल्या होत्या. कॅश शॉर्ट आली की ती कॅशियरनं भरायची, हा आमच्या धंद्यातला जुना आणि निर्दय रिवाज. मी म्हटलं, “भाऊ, सीसीटीव्ही बघू, नोटा कुठे गेल्या ते सापडेल.” भाऊ म्हणाले, “असू दे मॅडम.” बाहेर जाऊन एटीएममधून पैसे काढून आणले आणि भरले.

दहाच्या नाण्यावरून अर्धा तास भांडणारा माणूस दहा हजारांवर ‘असू दे’ म्हणतो, हे माझ्या गळ्याखाली उतरेना. मग लक्षात आलं की त्यांची तोंडपट्टी बरेच दिवस ऐकूच आलेली नाही. शाखेत त्याचा सगळ्यांना आनंद झाला होता. ‘भाऊ सुधारले,’ असं चहाच्या वेळी बोलणंही झालं होतं. आमची नागपूरची पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) पोरगी, नुकतीच नोकरीला लागलेली, तिनं मला हळूच सांगितलं, “मॅडम, ते चहा घेतच नाहीत. शिपाईमामा कप ठेवतात, तसाच उचलून नेतात.” ऑफिसात कुरकुर करणाऱ्या माणसाची मला आता भीती वाटत नाही. कुरकुर करतो म्हणजे त्याला अजून काहीतरी नीट व्हावंसं वाटतंय. ज्यानं कुरकुर सोडली, त्याच्याकडे बघावं.

पुढे उशीर सुरू झाला. भाऊ आले नाहीत तर तिजोरी उघडत नाही आणि तिजोरी उघडली नाही तर दाराबाहेरच्या बायका आत येऊन माझ्या टेबलाला वेढा घालतात. साहेब केबिनमधून घड्याळाकडे बघायचे. काउंटरवरची ताई तर उघड म्हणायची, “यांच्या एका किल्लीपायी आम्ही शिव्या खायच्या?” तिचं बरोबर होतं. माझंही पित्त खवळायचं. भाऊ मान खाली घालून किल्ली लावायचे, बंडलं काढायचे आणि मोजलेलं बंडल पुन्हा मोजायचे. यंत्रानं मोजलेलं हातानं, हातानं मोजलेलं पुन्हा यंत्रानं.

शाखेत दोन माणसांना एकांत मिळेल अशी जागा एकच, स्ट्राँगरूम. तिथं मोबाइलला रेंज नसते आणि गिऱ्हाईक येऊ शकत नाही. एका संध्याकाळी कॅश ठेवून झाल्यावर मी दार ओढलं नाही. म्हटलं, “भाऊ, झोप लागते का?” ‘काय झालंय?’ असं विचारलं असतं तर ‘काही नाही’ म्हणाले असते. झोपेचं विचारल्यावर माणसाला खोटं बोलायचं सुचत नाही. पहाटे तीनला जाग येते म्हणाले. मग पडल्यापडल्या नोटा मोजतो. शंभरापर्यंत गेलो की वाटतं चुकलं, पुन्हा पहिल्यापासून. घरी भावाशी शेताच्या वाटणीचा दावा चालू, तोही डोक्यात. जेवण नको वाटतं.

माझी धाकटी जाऊ नर्स आहे. तिच्याकडून एक गोष्ट कानावर होती, म्हणून धीर करून सरळ विचारलं, “जीव नकोसा वाटतो का? स्वतःचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?” असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नको ते शिरतं, अशी आपल्याकडे समजूत आहे. तसं होत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. उलट विचारल्यानं माणसावरचं ओझं हलकं होतं. भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “गाडीवर येताना समोरून ट्रक आला की वाटतं, हँडल वळवूच नये.”

त्यानंतर मी त्यांना समजावत बसले नाही. मला ते येतही नाही. गाडीची किल्ली मागून घेतली. वहिनींना फोन करू का, असं विचारलं. ते हो म्हणाले तेव्हा केला. वहिनी येईपर्यंत मामांना त्यांच्याजवळ बसवलं आणि केबिनमधून १४४१६ लावला. ही टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. माणसाला एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं हाताशी ठेवू नका, उद्याच डॉक्टरांना दाखवा, असं त्यांनी नीट सांगितलं. शेतकऱ्याच्या घरी फवारणीचा डबा गोठ्यात असतोच. वहिनींनी तो त्याच रात्री चुलत दिराकडे पोहोचवला. दुसऱ्या दिवशी सोलापूरला मानसोपचारतज्ज्ञांकडे. नैराश्य आहे म्हणाले. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, बरं वाटलं तरी मनानं बंद करायच्या नाहीत.

अडलं ते रजेवर. भाऊ आजारपणाची रजा घ्यायला तयार होईनात. सर्टिफिकेटवर मानसोपचारतज्ज्ञाचा शिक्का म्हणजे उद्या सगळ्या विभागात बोभाटा, ‘याच्या हातात कॅश कशी देता?’ अशी कुजबुज, आणि बढतीच्या वेळी फायलीतून निघणारा कागद. ही भीती खुळी आहे असं मी म्हणणार नाही. वाट साहेबांनी काढली. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: संवेदनशील जागेवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, आधी न कळवता, सलग किमान दहा कामाच्या दिवसांची सक्तीची रजा द्यायची आणि त्या काळात त्याला कामाच्या संगणकप्रणालीला हात लावू द्यायचा नाही. हेतू अर्थातच घोटाळे पकडण्याचा. माणूस खुर्चीवरून हलला की त्यानं झाकलेलं वर येतं. आमच्या बँकेच्या यादीत कॅश सांभाळणारा होता आणि भाऊंची त्या वर्षीची ही रजा राहिलेली होती. साहेबांनी तीच लावली. कारण नाही, सर्टिफिकेट नाही, कुजबुज नाही. घोटाळेबाजांसाठी केलेला नियम एका सरळ माणसाच्या झोपेसाठी वापरला गेला, याचं मला अजून कौतुक वाटतं. माणूस थकतो म्हणून त्याला सलग रजा द्यावी, असा सक्तीचा नियम मात्र माझ्या पाहण्यात नाही.

शाखेला फक्त ‘बरं नाही’ एवढंच सांगितलं होतं. पुढे भाऊंनी स्वतःच सांगून टाकलं, आणि मग सल्ल्यांचा पाऊस पडला. मन घट्ट करा. पहाटे चालायला जा. कुणीतरी इगतपुरीला विपश्यनेला पाठवा म्हणालं. आपण दहा दिवस मौनात गेलो की आपल्याला बरं वाटेल, पण आधीच गप्प झालेल्या माणसाला आणखी मौन कशाला? तिथल्या अर्जातही मानसिक आजाराबद्दल विचारतात ते उगीच नाही. विभागीय कार्यालयानंही याच सुमारास ताणमुक्तीचं वेबिनार ठेवलं. वेळ संध्याकाळची, म्हणजे नेमकी कॅश बंद करायची. उपस्थितीचा फोटो ग्रुपवर टाकणं बंधनकारक. आम्ही एका हातानं व्हाउचरं लावत दीर्घ श्वास घेतला आणि फोटो टाकला.

उपयोग झाला तो कामाच्या फेरवाटणीचा. भाऊ परतले तेव्हा त्यांना कॅशवर बसवलं नाही. मुदत ठेवी, लॉकर आणि आधारचे अर्ज त्यांच्याकडे, कॅश आणि किल्ली त्या पीओ पोरीकडे. दुपारी कॅशची खिडकी थोडा वेळ बंद ठेवायची, पाटी लावून, म्हणजे आत बसणाऱ्याला निदान पाणी पिता येतं. यावरून पोर्टलवर तक्रार झालीच: ‘कर्मचारी गिऱ्हाईक ताटकळत ठेवून चहा पितात.’ खुलासा मी लिहिला. होय, पितात, असंच लिहिलं.

या सगळ्यात ताई मात्र धुमसत होती. एक दिवस भर शाखेत फुटली. “भाऊंना आजार झाला म्हणून सगळे हळुवार. इथं आम्ही आजारी नाही, नुसतं मरतोय, त्याचं काय?” वातावरण एकदम थिजलं. मला तिचा राग आला, पण तिच्या बोलण्याला उत्तर सापडेना. ज्याचं बिघडलं त्याचा भार ज्याचं अजून बिघडलेलं नाही त्याच्यावर टाकायचा, असाच आमचा हिशेब झाला होता. भाऊंच्या वाटचं आधारचं काम निम्मं तिच्या टेबलावर गेलं होतं आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं. घरी तिच्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश. रात्री उठून कडी काढून रस्त्यावर जातात. हे मला आधीपासून माहीत होतं, म्हणजे शाखेतल्या सगळ्यांनाच माहीत होतं.

भाऊ उठले, तिच्या टेबलावरचा आधारच्या अर्जांचा गठ्ठा उचलला आणि आपल्या टेबलावर नेला. “माझेच आहेत,” म्हणाले. ताईनं नको म्हटलं नाही.

फेब्रुवारीत ताईनं रजेचा अर्ज दिला. सासूबाईंना पुण्याला नणंदेकडे पोहोचवून काही दिवस तिथं राहायचं होतं, आणि ते मार्चमध्येच जमणार होतं. मार्च म्हणजे क्लोजिंग. रजा देऊ नयेत, असा मेल वरून येऊन पडलेला. साहेबांनी अर्ज वाचला, मेल वाचला, काच सरकवून बाहेर आले आणि विचारलं, “ताई का काम कौन करेगा?”

मग आम्ही वाटून घेतलं. ठेवींची नूतनीकरणं भाऊंकडे होतीच, त्यांनी केवायसीही मागून घेतलं. पीओ पोरीनं चेकबुकांचे अर्ज घेतले. टोकनची रांग मामा लावतील म्हणाले. ताईचे पेन्शनर माझ्याकडे आले. उरल्या माझ्या टेबलावरच्या अंगठेवाल्या स्लिपा, त्या आम्ही साहेबांकडे सरकवल्या. त्याला मराठी लागतं, असं ते म्हणाले. भाऊ म्हणाले, “शिका.”