रिंगणातली काळी माती

काटोल तहसिलीतील आमच्या मौज्यात, नाल्यापलीकडे जो बरड तुकडा वडिलांच्या नावे खसऱ्यात नोंदला होता, त्याच्या माथ्यावर काळ्या गोट्यांचे एक विस्तीर्ण रिंगण होते. सालदार वखर फिरविताना त्याला वळसा घालीत, आणि ते कोणी घातले असे विचारले, तर ‘गवळ्यांच्या राज्यातले’ एवढेच उत्तर मिळे. त्या गोट्यांवर बसून मी लहानपणी बोरे खाल्ली, एकावर कोरलेले, बोटाचे पेर मावेल एवढे खळगे चाचपले, आणि पुढे वडिलांच्या पश्चात विहिरीचे बांधकाम निघाले तेव्हा त्यांपैकी अकरा गोटे बंडीत घालून मीच नेले. हे आधी सांगितल्यावाचून पुढचे सांगण्याचा मला अधिकार नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी तेथे संत्र्याची कलमे लावण्याचे ठरले आणि खड्ड्यांची आखणी रिंगणातून गेली. बरडात हातभर खणले की मुरूम लागतो आणि सब्बल टणटण वाजू लागते. परंतु रिंगणाच्या मध्यभागी, वरचा गोट्यांचा थर दूर सारल्यावर, ती निःशब्द खाली रुतली आणि वर आली ती काळीशार, चिकण माती घेऊन. आमच्या वृद्ध सालदाराने ती मुठीत दाबली, हुंगली, आणि हलकेच म्हणाला, “मालक, हे माती इथची नोहे जी. कोनं तरी नाल्याकडून आनून टाकली.”

आणखी हातभर खाली लाल-काळ्या रंगाचा एक गुळगुळीत वाडगा, लोखंडी पट्ट्या आडव्या बसविलेली एक गंजलेली कुऱ्हाड आणि हाडांचे तुकडे दिसताच मी काम थांबविले. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांवरील ठेवीची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणे १८७८च्या कायद्याने बंधनकारक आहे, हे पटवाऱ्यास ठाऊक होते. पंचनामा झाला आणि वाडगा व कुऱ्हाड तहसिलीत जमा झाली.

पुढे नागपूरहून आलेल्या एका अभ्यासकांनी बांधावर बसून मला जे सांगितले, ते ऐकताना आपल्याच शेताची नव्याने ओळख होत असल्यासारखे वाटले. काटोल रस्त्यावरील जुनापाणीला अशी सुमारे तीनशे शिलावर्तुळे आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्येच त्यांविषयी लिहिले, आणि १९६१-६२ मध्ये पुरातत्त्व खात्याने तेथे उत्खनन केले. माहुरझरीच्या अशाच वर्तुळांखालील दफनांत मृतांबरोबर घोडेही पुरलेले आढळले, त्यांच्या मस्तकावरील तांब्याच्या अलंकारांसह. नैकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. ही वर्तुळे रचणारे लोक इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील होत.

परंतु त्या घोड्यांहून आणि अलंकारांहून माझे मन त्या मातीत गुंतले. उन्हाळ्यात तलावाचा गाळ बंड्यांनी शेतात वाहून टाकणाऱ्या माणसाला एका टोपल्याचे ओझे मानेवर किती उतरते हे ठाऊक असते. आणि ज्या काळ्या मातीच्या एका पट्ट्यासाठी भाऊबंदकीत पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात, ती माती त्या लोकांनी टोपल्या-टोपल्यांनी बरडाच्या चढावर वाहून आणली ती पेरण्यासाठी नव्हे, तर आपल्या माणसाच्या अंगावर घालण्यासाठी. अशा प्रेमाचे कुंपण मी विहिरीला वाहिले होते. ते गोटे परत नेऊन लावावेत असे मी सुचविले, तेव्हा अभ्यासकांनी सौम्यपणे नकार दिला. प्रत्येक गोट्याची मूळ जागा ठाऊक नसताना रचलेले रिंगण खोटे ठरेल, असे त्यांचे म्हणणे. खळग्यांचा तो गोटा आजही विहिरीच्या काठात आहे आणि पाणी शेंदताना रोज माझ्या हाताखाली येतो.

संत्र्याच्या ओळी आम्ही रिंगणाबाहेर वळविल्या. हाडे होती तशीच राहू दिली. खड्डा बुजविताना घरातून तुळशीसाठी घमेलेभर काळी माती मागविली गेली, पण सालदाराने ती दिली नाही. सारी माती खड्ड्यात लोटून झाल्यावर तो काठावर बसला आणि तळपायांना चिकटलेली मातीही काडीने खरवडून त्याने आत टाकली.